शाळेतल्या समाजकार्यकर्तीनं नेमकं काय करायचं? ऊसतोडीच्या भागातल्या अनुभवावरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून तुम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्यात, एका संस्थेच्या प्रकल्पात, चार जिल्हा परिषद शाळांसाठी समाजकार्यकर्ती म्हणून नुकत्याच रुजू झालात. पहिल्याच आठवड्यात एका मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकवणार नाही, तपासणीही करणार नाही, मग करणार काय?" दुसऱ्या शाळेत तुम्हाला पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरायला बसवलं. आपलं काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी याच भागात 22 वर्षं हे काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुख्याध्यापकांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. जिल्हा परिषद शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून ठरणाऱ्या मंजूर पदांत, शिक्षकांची पदं असतात, समाजकार्यकर्त्याचं नसतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांना समुपदेशक आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते जोडलेले असावेत असं म्हटलं आहे, पण वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत आजही असं माणूस पोचलं तर ते बहुतेक एखाद्या संस्थेमार्फतच पोचतं. सरांनी असं माणूस कधी पाहिलेलंच नाही. त्यांना वाटतं, एक तर हे वरून आलेलं तपासणीचं प्रकरण असेल, नाहीतर कामाला एक जास्तीचा हात मिळाला.

मी आमच्या नव्या मुलींना सांगते, शिक्षकांचं काम मूल वर्गात आल्यावर सुरू होतं, आपलं काम ते आलं नाही त्या दिवशी सुरू होतं. ते का आलं नाही याचा माग काढत घरापर्यंत जायचं, कारण समजून घ्यायचं, आणि ते कारण ज्याच्या हातात आहे त्या माणसापर्यंत नेऊन पोचवायचं. कधी तो माणूस मुलाची आजी असते, कधी ग्रामसेवक, कधी मुकादम (ऊसतोडीची टोळी जमवणारा ठेकेदार), कधी तालुक्याच्या गावातला कारकून. पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून देणं हे आपलं काम आहे असं बऱ्याच जणींना वाटतं. मी ते कधीच सोडून दिलं. शिक्षणाचं महत्त्व ठाऊक नाही अशी आई मला या 22 वर्षांत भेटलेली नाही. अडलेलं असतं ते दुसरंच काहीतरी.

सुरुवात हजेरीपटापासून करा. सरांकडून मागच्या वर्षीचे सगळे महिने मागून घ्या आणि शांतपणे एका जागी बसून बघा. आपण सवयीनं आडवी ओळ वाचतो, म्हणजे एका मुलाची महिन्याभराची हजेरी. उभे रकानेही वाचा. आडवी ओळ मुलाचं सांगते, उभा रकाना गावाचं सांगतो. एका शाळेत मला दर गुरुवारी चौथी-पाचवीच्या त्याच चार मुली गैरहजर दिसल्या. गुरुवार हा शेजारच्या गावचा आठवडी बाजार. पुढच्या गुरुवारी मी त्यातल्या एकीच्या घरी गेले. ती उंबऱ्यावर बसली होती, कडेवर वर्षाचा भाऊ. दप्तर खुंटीला, आणि अंगात शाळेचाच गणवेश. म्हणाली, "आज बाजार हाय. आई दिवस मावळल्यावर येती." गणवेश का घातलाय विचारलं, तर म्हणाली, "ह्यो झोपला असता तर आले असते."

त्या मुलीला किंवा तिच्या आईला मी काय समजावणार होते? प्रश्न एका वर्षाच्या पोराला दिवसभर कोण सांभाळणार एवढाच होता. अंगणवाडीताईंशी बोलले, चारही घरच्या बायकांना एकत्र बसवलं. त्यातल्या एका घरी सासूबाई होत्या. गुरुवारी चारही लहानग्यांनी त्यांच्याकडे राहायचं, आणि बाजारातून परत येताना प्रत्येकीनं त्यांच्यासाठी थोडा भाजीपाला आणायचा, असं त्या बायकांनीच ठरवलं. मी फक्त बसवलं. पुढच्या महिन्यात गुरुवारचा रकाना भरलेला होता. आपलं काम बरंचसं असंच असतं, आणि ते कुठल्याही अहवालाच्या चौकटीत बसत नाही.

हजेरीपटाबद्दल एक नाजूक गोष्ट आधीच सांगून ठेवते. काही ठिकाणी आई-बापासोबत ऊसतोडीला गेलेलं मूलही हजर दाखवलेलं सापडेल. पट कमी झाला तर संचमान्यतेत शिक्षकाचं पद जाईल, ही त्यामागची भीती असते. ते दिसल्याबरोबर तक्रार करायला धावलात तर त्या शाळेचं दार तुम्हाला कायमचं बंद होईल, आणि मुलाला त्यातून काही मिळणार नाही. मी सरांसोबत एकटीनं बसून सांगते: सर, हे मूल कागदावर इथंच असेल तर त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह (आई-बाप तोडीला असताना मुलांची गावातच सोय) मागता येत नाही, आणि तिकडच्या शाळेला ते आपलं वाटत नाही, त्याचे पाच महिने बुडतात आणि परत आल्यावर ते तुमच्याच वर्गात मागं पडलेलं असतं. बहुतेकांना हे पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी केंद्रप्रमुखांच्या (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) समोर बोलायची वेळ येते, पण ती दुसरी पायरी.

आता स्थलांतराकडे येते, कारण तुमच्या चारही शाळांत कामाचा गाभा तोच असणार आहे. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि होळी-पाडव्याच्या आगेमागे परततात. काम जोडप्यानं करायचं असतं, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच, पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे कार्तिकात "यंदा जाऊ नका" म्हणण्यात काही अर्थ नसतो. फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) गेलेलं मूल नुसतं बसून राहत नाही. मोठी मुलगी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी करते. मुलगा वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधू लागतो. दोन हंगाम असे गेले की तिसऱ्या हंगामात ते मूल शाळेत परत येतं ते वर्गातलं काहीच कळत नाही म्हणून गप्प बसायला.

याची तयारी भाद्रपदात करावी लागते. दिवाळीनंतर नेमलेली कार्यकर्ती त्या वर्षी फक्त रिकामी घरं मोजते. गणपतीच्या दिवसांत मी मुकादमांना भेटते. गावातले कोण कुठल्या कारखान्याला जाणार याची सगळ्यात खरी यादी त्यांच्या डायरीत असते, तेवढी पक्की माहिती ना ग्रामपंचायतीकडे असते ना शाळेकडे. मुकादमाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्याच्याशी नीट बोला. पोरं फडावर आली की आई-बापाचं काम रेंगाळतं, हे त्यालाही कळतं. त्याच्याकडून कारखान्याचं नाव, टोळी कुठल्या गावाजवळ उतरणार आणि फोन नंबर घ्यायचा.

मग मुलांच्या तीन याद्या करायच्या. पहिलीत, ज्यांच्या घरी आजी-आजोबा किंवा चुलते मागं राहणार आहेत अशी मुलं. ही गावात राहू शकतात. त्यांच्यासाठी समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृह चालतं, आणि ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवायचं असतं. बऱ्याच गावांत मुलं जेवायला वसतिगृहात आणि झोपायला आजीकडे अशी घडी बसते. प्रस्ताव वेळेत गेला नाही तर मंजुरी येईपर्यंत अर्धा हंगाम सरलेला असतो, म्हणून प्रस्तावातली यादी सरांबरोबर बसून तुम्ही पूर्ण करून घ्या. दुसरीत, ज्यांच्या घरी मागं कुणीच नाही पण तालुक्याच्या वसतिगृहात किंवा मामाकडे सोय होऊ शकते अशी. तिसरीत, जाणारच अशी. त्यांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड (जे दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं) मिळवून द्या, पुस्तकं बोचक्यात बांधली आहेत का ते निघायच्या दिवशी बघा, आणि टोळी जिथं उतरणार तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क त्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम 14. फोनवर कायद्यापासून सुरुवात करू नका. "सर, आमची चार लेकरं तुमच्याकडे येताहेत, सांभाळून घ्या" असं म्हटलं की बहुतेक शिक्षक घेतात. कलमं अडचणीच्या वेळेसाठी पाठ ठेवा.

पहिल्या यादीतली मुलंसुद्धा शेवटच्या रात्री ट्रॉलीत चढतात. एका वर्षी मी निघायच्या आदल्या संध्याकाळी एका तांड्यावर होते. ट्रॅक्टर लागलेला, ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडी, पाट्याखाली बांधलेल्या कोंबड्या. दुसरीच्या वर्गातला मुलगा आजीजवळ राहणार हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं. त्याची आई बोचकं बांधताना थांबली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी ठिवून घ्या म्हनता. पर रातच्याला ताप आला तर ह्येला दवाखान्यात न्येनार कोन? म्हातारीला दिसत न्हाई." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा त्यांच्यासोबत गेला.

मी महिनाभर घरोघरी सांगितलं होतं की मुलं शिकली पाहिजेत, आणि त्या माउलीनं एका वाक्यात मला दाखवलं की मी तिच्या रात्रीचा विचारच केला नव्हता. पुढच्या हंगामाआधी आम्ही प्रत्येक वस्तीसाठी एक कागद केला. रात्री मूल आजारी पडलं तर मोटारसायकल कुणाची, आशाताईंचा फोन, प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, आई-बापाला कोण कळवणार, आणि आठवड्यातून कुठल्या दिवशी मुलाचं आईशी फोनवर बोलणं होणार. तो कागद प्रत्येक आईला वाचून दाखवला. ज्याची मोटारसायकल होती त्याला तिच्यासमोर उभं केलं. त्या वर्षी आदल्या वर्षीपेक्षा बरीच जास्त मुलं गावात राहिली, तो मुलगाही. "पालक जागरूक नाहीत" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकू येईल, तेव्हा ही आई आठवा.

याच धाग्यानं बालविवाहाकडे जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न 18 च्या आत झालेलं आढळलं. हा राज्याचा आकडा. आपल्या भागात काम करताना तो आठवी-नववीच्या बाकांवर दिसतो. आई-बाप पाच-सहा महिने बाहेर, घरी म्हातारी, आणि वयात आलेली मुलगी. "पोरीला कुनाच्या भरवशावर ठिवू?" हा प्रश्न मला शेकड्यांनी विचारला गेलाय. शिवाय लग्न झालं की एक नवा कोयता उभा राहतो, त्यावर उचल मिळते. हुंड्याचा हिशेब वेगळाच. नुसतं "18 च्या आत लग्न गुन्हा आहे" सांगून यातलं काहीही सुटत नाही.

त्यामुळे सातवी संपतानाच मी त्या वर्गातल्या प्रत्येक मुलीचं पुढच्या वर्षाचं घर विचारून ठेवते. गावची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते, पुढं हायस्कूल दुसऱ्या गावात, आणि गळती नेमकी या सांध्यावर होते. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का, ग्रामीण मुलींना मिळणारा मोफत पास काढलाय का, मुलींना शाळेत ने-आण करणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसचा मार्ग आपल्या वस्तीवरून जातो का, जवळच्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात (मुलींच्या निवासी शाळेत) जागा आहे का, या चार गोष्टी मे महिन्यात बघितल्या तर जूनमध्ये मुलगी हायस्कुलात दिसते. आगारप्रमुखांना शाळेच्या लेटरहेडवर, व्यवस्थापन समितीच्या ठरावासह पत्र दिलं की बसची वेळ बदलते, हे मी दोनदा बघितलंय.

लग्न ठरल्याचा सुगावा बहुतेक वेळा मैत्रिणीकडून लागतो. "बाई, तिला बघून गेले" असं कुणीतरी मधल्या सुट्टीत सांगतं. त्या सांगणाऱ्या मुलीचं नाव तुमच्या वहीतसुद्धा लिहू नका. तारीख लांब असेल तर आधी आईशी एकटीशी बोला, मग वडिलांशी, आणि बोलायला जाताना हातात मुलीच्या राहण्याची सोय घेऊन जा. तारीख जवळ आली असेल तर वेळ घालवू नका. 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा. ग्रामीण भागात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना लेखी कळवा. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो हुकूम मोडून केलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं.

लग्न थांबलं की आपलं काम अर्धंच झालेलं असतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत नववीतल्या एका मुलीचं लग्न आम्ही थांबवलं. गावात गाडी आली, आई-वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं, सगळे परतलो. मी दुसऱ्या गावच्या कामाला लागले. दोन महिन्यांनी कळलं, तिचं लग्न पाहुण्यांच्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यात, रात्री उरकलं. ती परत शाळेत आली नाही. त्या दोन महिन्यांत मी त्या घरी एकदाही गेले नव्हते. तेव्हापासून माझा नियम आहे: थांबवलेल्या लग्नानंतर पहिले तीन महिने आठवड्याला एक गृहभेट, आणि मुलगी शाळेत किंवा वसतिगृहात बसलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत फाइल उघडी.

लैंगिक अत्याचाराबाबत मात्र तुमच्या विचाराला किंवा सोयीला जागा नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार असा प्रकार कळला किंवा घडण्याची शक्यता वाटली तर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. मूल सांगू लागलं तर ऐका, त्याचेच शब्द लिहून ठेवा, खोदून विचारू नका, चारचौघांसमोर पुन्हा सांगायला लावू नका. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावं लागेल आणि मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात होईल. "तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन" एवढंच म्हणा. मग संस्थेतल्या वरिष्ठांना घेऊन पोलीस ठाणे, आणि सोबत जिल्हा बाल संरक्षण कक्ष व बालकल्याण समिती. गावात लगेच बैठक बसते, "गावातच मिटवू" म्हणून. त्या बैठकीला जाऊ नका. मुलाचं नाव, शाळा, घर कुठंही बाहेर पडणार नाही, याची जबाबदारी तुमची. आपल्याकडे शाळेत तक्रारपेटी असते, 2022 पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही असते. पेटी कोण उघडतं आणि किल्ली कुणाकडे असते, एवढं पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा.

शाळेतल्या मारहाणीबद्दल थोडक्यात: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं ती बंद आहे. शिक्षकांशी आधी एकटं बोला, पण एकदाच.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं वाटेल. ते मनापासून करा, कारण गरीब घराचं पुढचं बरंच काही त्यावर उभं राहतं. भटक्या विमुक्तांच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि तो बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद हाच असतो. ज्यांचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्यांनी काय आणायचं? ही घरं तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटतील. तहसील कार्यालयात त्यांच्यासोबत प्रत्यक्ष जा, नुसती यादी हातात देऊ नका. आणि आज पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख रजिस्टरमध्ये नीट लिहिली जाते का तेही बघा. तीस वर्षांनी त्याच्या मुलांना तीच ओळ लागणार आहे.

एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं ती चालते, आणि 2023 पासून दरमहा 2,250 रुपये मिळतात. वडील गेले की सहावी-सातवीतला मुलगा ढाब्यावर कामाला लागतो, हे आपल्याकडे नेहमीचं. घरच्यांना या योजनेचं नावही माहीत नसतं, आणि दुःखाच्या दिवसांत कागद गोळा करायचं त्राण कुणाला असतं? मृत्यूनंतरच्या पहिल्या भेटीत योजनेचा विषय काढू नका. दहाव्या-तेराव्यानंतर जा, मृत्यूचा दाखला काढायला सोबत जा, आणि मुलाला शाळेत त्याच्या बाकावर पुन्हा बसवताना वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की पहिले काही दिवस गृहपाठाचं विचारू नका. त्याच्या तोंडून जिवाचं काही करून घेण्याची भाषा आली तर ते आपल्या समुपदेशनाच्या पलीकडचं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, आणि त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जायचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ज्यांना तपासायची सगळ्यात जास्त गरज असते तीच मुलं नेमकी त्या दिवशी घरी असतात. पथकाची तारीख आधी घ्या आणि त्या मुलांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगून या. "मठ्ठ" म्हणून मागं बसवलेल्या किती मुलांना फक्त फळा दिसत नव्हता किंवा एका कानानं ऐकू येत नव्हतं, हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे, त्यातलं बरंचसं नुसतं बघून कळत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं 75 टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघर फिरतं आणि अंगठे उमटतात. दुपारी दोनला बैठक ठेवली तर रोजंदारीची बाई येणार कशी? मी बैठक संध्याकाळी, वस्तीवर, देवळापुढं घ्यायला लावते, आणि दर बैठकीला एकच विषय. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही, एवढाच. तीन बैठकांत तोटी बसते, आणि तोटी बसली की त्या बायका चौथ्या बैठकीला न बोलावता येतात.

शिक्षकांबद्दल शेवटी लिहितेय, पण तुमचं सगळं काम त्यांच्यावर उभं आहे. मुलाच्या घरी जायच्या आधी वर्गशिक्षकांना विचारा, आल्यावर त्यांनाच आधी सांगा. मुलांसमोर त्यांची चूक दाखवू नका. घरातली जी गोष्ट मुलाला समजून घ्यायला त्यांना उपयोगी पडेल तेवढीच सांगा, बाकीची तुमच्या वहीत राहू द्या. गावात भिंतीला कान असतात आणि स्टाफरूमला तर दारच असतं. वही कुलपात ठेवा. मुलांचे मदत घेतानाचे फोटो काढू नका, संस्थेनं मागितले तरी. त्याऐवजी संस्थेला हजेरीपटाचा गुरुवारचा रकाना दाखवा.

पोषण आहाराच्या आणि ऑनलाइन नोंदींचं म्हणाल, तर त्या टेबलावर बसू नका. शिक्षक या कामानं किती पिचलेत ते मला ठाऊक आहे, त्यांच्याबद्दल कणव आहे, पण एकदा तो टॅब हातात आला की तुम्ही कार्यालयाबाहेर पडणार नाही. त्याऐवजी नोंदींमधलं जे काम घराशी जोडलेलं आहे ते अंगावर घ्या. ज्यांच्या आधारवरचं नाव शाळेच्या नावाशी जुळत नाही अशा मुलांची यादी मागा, आणि आई-वडिलांना घेऊन आधार केंद्रात जाऊन ती दुरुस्त करून आणा. सरांची डोकेदुखी कमी होते आणि तुम्ही पाच-दहा घरांच्या चुलीपर्यंत पोचता.

आणि त्या पहिल्या मुख्याध्यापकांना उद्या भेटाल तेव्हा भूमिका वगैरे समजावत बसू नका. सांगा, "सर, मागच्या वर्षीचे नोव्हेंबर ते मार्चचे हजेरीपट दोन दिवस द्या. जी मुलं महिनाभर सलग आलेली नाहीत त्यांच्या प्रत्येकाच्या घरी जाऊन येते, आणि शनिवारी तुमच्यासमोर बसून प्रत्येकाचं कारण सांगते." शनिवारी जाताना वहीत नावांपुढं कारण आणि त्यापुढं आता कुणाला भेटायचं ते लिहिलेलं असू द्या. दसऱ्याला किती आठवडे उरलेत, तेही पानावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.